'बारी'बाबत कोणाची हरकत असल्यास

संदेशनं आयुष्यात एकही मेल लिहिला नव्हता. आठवीत गणितानं त्याचा हात सोडला, नववीत शाळेनंच सोडला, आणि मग हातात जीपचं स्टिअरिंग आलं ते आलंच. लोणावळ्याच्या स्टँडवरून पर्यटकांना टायगर पॉइंट, कार्ला, भाजे असं फिरवून आणायचं आणि प्रत्येक वळणावर 'हितं फोटो लय भारी येतो' म्हणायचं, या कामाला मेल लागत नाही. तरी एका मंगळवारी सकाळी, वडिवळ्याच्या घरी, दुसऱ्याच्या नावानं आलेल्या एका इंग्रजी मेलला त्यानं उत्तर दिलं. 'यस' एवढंच. इंग्रजीत त्याला तीन अक्षरं लागतात. तिन्ही बरोबर आली.

मेल त्याच्या ताईला आला होता. ताई म्हणजे यशोधरा. तळेगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. चार महिन्यांपूर्वी सहा दिवसांच्या तापात गेली.

तेव्हापासून तिचं एकेक बंद करत जाणं, हेच संदेशचं काम होऊन बसलं होतं. बँकेनं खातं बंद केलं, कंपनीनं कार्ड बंद केलं, फोनवाल्यांनी नंबर बंद केला, आणि प्रत्येक खिडकीपुढं मृत्यूचा दाखला घेऊन संदेशच उभा. लॅपटॉप तेवढा त्यानं चालू ठेवला होता. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण रोज सकाळी चार्जिंगला लावायचा. त्या मंगळवारी त्यावर हा मेल दिसला. फोनमधल्या भाषांतरानं त्याचं मराठी केलं: 'तीस दिवसांत उत्तर न आल्यास आपली विनंती बंद करण्यात येईल.'

'बंद' वाचलं आणि त्यानं बोट दाबलं. विनंती कसली, केली कुणाकडं, याचा विचार नंतर. (असाच न वाचता 'यस' म्हटल्यामुळे तो पिंपरीतल्या एका जिमचा सभासद होता, आणि रोज सकाळी त्याला मकर राशीचं भविष्य यायचं. त्याची रास वृषभ.)

दोन दिवसांनी लांबलचक उत्तर आलं, तेव्हा त्यानं प्रतीक्षाला बोलावलं. प्रतीक्षा ताईची कंपनीतली मैत्रीण. स्कूटीवरून आली, मेल वाचला आणि डोक्याला हात लावला.

"तू कशाला हो म्हणालायस, कळतंय का तुला?"

"न्हाई. पण बंद करत व्हते, ते तर थांबवलं."

मग तिनं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स म्हणून एक व्यवस्था असते, ती फुकट मिळते. जगभरची माणसं मिळून ती सांभाळतात. त्यांचं एक मोठं भांडार असतं, त्यात हजारो प्रोग्राम. कुणालाही आपला प्रोग्राम तिथं देता येतो, पण ती माणसं डोळे झाकून घेत नाहीत. एकेक ओळ तपासतात. एकदा आत गेला की मग जगात कुणीही तो आपल्या कॉम्प्युटरवर मागवून घेऊ शकतो. यशोधरानं तिचा 'बारी' नावाचा प्रोग्राम सहा महिन्यांपूर्वी तिथं दिला होता. तपासणाऱ्यानं शंका काढल्या, आणि उत्तर द्यायला ती राहिली नाही.

'बारी' म्हटल्यावर संदेश सरळ बसला. 'बारी' त्याच्याच स्टँडवर जन्माला आलेली. तिथं अकरा जीपगाड्या. पहिलं गिऱ्हाईक कुणाचं, यावरून रोज सकाळी भांडण. चिठ्ठ्या टाकून झाल्या, नाणं उडवून झालं, एकदा तर क्रम ठरवायला अकरा जण पळाले आणि त्यात दोघांचे पाय मुरगळले. शेवटी ताई आली. चार दिवस चहाच्या टपरीवर बसली, स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर भिमाजी आबा यांच्याकडून सगळे नियम लिहून घेतले, आणि कंपनीनं टाकून दिलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून 'बारी' बसवली. तो कॉम्प्युटर टपरीच्या फळीवर. आलेल्या गाडीचा नंबर दाबायचा, पुढची बारी कुणाची ते मशीन सांगणार. भांडणं थांबली, कारण मशीन उलटून बोलत नाही, आणि उलटून न बोलणाऱ्याशी भांडण्यात स्टँडवर कुणाला रस नव्हता.

"आता लागतं काय?" संदेशनं विचारलं.

"दोन परवानग्या. 'बारी' कुणीही वापरावी, असं तिनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. आता ते तिच्या वारसानं सांगायचं. वारस म्हणजे तुझी आई. आणि नियमांचे शब्द भिमाजी आबांचे आहेत, म्हणून एक परवानगी त्यांची. दोघांनी एकेक ओळीचा मेल करायचा, 'आमची हरकत नाही' असा. तीस दिवसांत. नाही तर विनंती बंद आणि ती 'बारी' तिथंच संपली."

"दोन ओळी?"

"दोन ओळी. बाकीचं सगळं मी बघते. आणि संदेश, ऐक. दुसरं काहीही करू नकोस."

संदेशनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं काहीतरी करायला वडगावला गेला.

त्याचं असं झालं की 'वारस' हा शब्द त्याच्या कानात राहिला, आणि ओव्हाळांच्या घरात वारस हा शब्द निघाला की राजेंद्र काकांकडं जायचं, हे ठरलेलं. काका तहसील कचेरीच्या बाहेर ताडपत्रीखाली बसून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं लिहीत. तीस वर्षं लिहीत होते. माणूस जन्मला यावर त्यांचा विश्वास बसायचा तो दाखला बघून.

"दोन ओळींचा मेल?" काका हसले. "अरं येड्या, उद्या कुणी कोर्टात गेलं तर मेल दाखवणारेस? मिळकतीचं काम हाय हे. कागद पक्का पायजे. सांग, मिळकत स्थावर का जंगम?"

"कॉम्प्युटरात असती."

"कॉम्प्युटर हलतो?"

"उचलला तर हलतो."

"जंगम." काकांनी टाइप केलं. "तरीबी चतुःसीमा टाकून ठेवू. पूर्वेला काय?"

"टपरीच्या फळीवर हाय. पूर्वेला बिस्किटाची बरणी."

"पश्चिमेला?"

"शेगडी."

"उत्तरेला, दक्षिणेला?"

"मागं भिंत. पुढं आमी चहा पितो."

"दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता," काका पुटपुटले. "क्षेत्र?"

"बाराशे ओळी, असं प्रतीक्षाताई म्हनत व्हत्या."

"बाराशे ओळी. अक्षरी, बाराशे ओळी फक्त." मग त्यांनी 'कालकथित यशोधरा धोंडिबा ओव्हाळ' असं टाइप केलं आणि थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. चष्मा तसा स्वच्छच होता.

"वारस कोण?" संदेशनं हळूच विचारलं.

"लगीन झालेलं नव्हतं, दादा आधीच गेलेले. वारस एकटी वहिनी."

"आन मी?"

"तू न्हाईस."

"मी भाऊ हाय की तिचा!"

"असशील. कायद्यात आई हयात असताना भावाला काय न्हाई."

"मग मी कोन?"

काकांनी कागदावर एक मोकळी जागा शोधली आणि तिथं लिहिलं. "तू अर्जदार."

संध्याकाळी तेवीस पानांचा गठ्ठा घेऊन संदेश घरी आला. आई तांदूळ निवडत बसली होती. त्यानं तिला पहिलं पान वाचून दाखवलं: 'सदर मिळकत जगातील कोणत्याही इसमास विनामोबदला वापरण्यास, तिची नक्कल करण्यास, तीत फेरबदल करण्यास व ती पुढे देण्यास लिहून देणार यांची कोणतीही हरकत, तक्रार अगर उजूर नाही व पुढेही राहणार नाही.'

"म्हंजी कुनीबी घ्यावं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"मग एवढंच लिवायचं व्हतं की. तेवीस पानं कशाला घालवली?" तिनं पेन घेतलं. सही तिला यशोधरानंच शिकवली होती. प्रत्येक अक्षराला ती थांबायची. तेवीस सह्या व्हायला दिवेलागण झाली. शेवटच्या पानावर ती म्हणाली, "तिनं जित्तेपनी कुनाला कायतरी न्हाई म्हनलं व्हतं का रं? आता आपन न्हाई म्हनायचं व्हय?"

एक परवानगी झाली. राहिले भिमाजी आबा. आता एखाद्या शहाण्या माणसानं टपरीवर जाऊन दोन चहा सांगितले असते. पण काकांच्या गठ्ठ्यात सोळावं पान म्हणून एक जाहीर नोटीस होती, आणि काका म्हणाले होते की ती मोक्याच्या जागी डकवल्याशिवाय काम पक्कं होत नाही. मोक्याची जागा म्हणजे स्टँडवरच्या चिंचेचं खोड. संदेशनं सकाळी लवकर जाऊन नोटीस डकवली, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले आणि समाधानानं कार्ल्याचं भाडं घेऊन गेला.

परत आला तेव्हा नऊ ड्रायव्हर झाडाभोवती उभे होते आणि भिमाजी आबा चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते.

"'तसेच इसम नामे भिमाजी सीताराम, धंदा ड्रायव्हर, यांचा सदर नियमांवर काही हक्क असल्यास...' असल्यास?" आबांनी वर बघितलं. "हक्क असल्यास?"

"आबा, ती तशी भाषा असती—"

"थांब. 'सदर इसमाने पंधरा दिवसांत हरकत न घेतल्यास त्याचा काही एक हक्क नाही असे समजण्यात येईल.' कोन समजनार? तू?"

"मी न्हाई. मी अर्जदार."

"तुला राजमाचीच्या वळनावर ब्रेक कुटं दाबायचा ते शिकवनारा कोन? इसम! तुझा बाप गेला तवा चार दिवस तुमच्या वसरीला बसलेला कोन? इसम! व्हय रं?"

नऊ ड्रायव्हर एका सुरात 'च्च च्च' करू लागले. त्यात दोन-तीन जण तर संदेशचे जिवलग मित्र होते.

"घेतली हरकत," आबांनी जाहीर केलं. "सही पायजे असंल तर माझा एक नियम वाढवायचा. रविवारची पहिली बारी सगळ्यात वयस्कराची."

"आबा, ताईनं त्याला नकार दिला व्हता. ती म्हनली व्हती, रविवार समद्यांचाच असतो."

"पोरीनं समजावून नकार दिलता. तू झाडाला खिळे मारतोयस." आणि आबा गाडीत जाऊन बसले. काचही वर घेतली. (जीपला काच नव्हती, पण त्यांनी हात असा फिरवला की सगळ्यांना काच वर गेलेली दिसली.)

संदेशनं फोनवर प्रतीक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोटीस? चहा पाजायचा सोडून नोटीस?" मग शांत होऊन म्हणाली, "त्यांचे नियम काढून आपण दुसरे लिहू शकतो."

"ताईचं एक अक्षर हलवायचं न्हाई," संदेश ओरडला. "न्हाई म्हंजी न्हाई!"

(हे लक्षात ठेवण्यासारखं वाक्य आहे, कारण पुढं एका रविवारी सकाळी साडेआठला त्यानं जे केलं ते असं.)

तीसपैकी पाच दिवस उरले होते. संदेश आबांना शेवटचं विचारायला गेला. आबा म्हणाले, "इसमाला येळ न्हाई." संदेशच्या डोक्यात काहीतरी सणकलं. तो टपरीत घुसला, फळीवरच्या कॉम्प्युटरपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे नियम नकोत ना कुनाला द्यायला? मग न्हाईतच ते! हे बगा!" भिमाजी आबांच्या नियमांची फाइल त्याला माहीत होती, कारण तिचं नावच 'भिमाजी' होतं. त्यानं ती निवडली आणि पुसून टाकली.

मशीननं दोन सेकंद विचार केला आणि 'बारी' बंद पडली.

रविवार, ढगाळ हवा, सुट्टीची गर्दी, आणि स्टँडवर कुणाची बारी आहे हे जगात कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांत अकरा जण ते लक्षात ठेवायचं विसरून गेले होते. पुण्याहून आलेल्या एका भिशीच्या चौदा बायका समोर उभ्या राहिल्या तेव्हा अकराही ड्रायव्हर एकदम पुढं झाले. एकानं पिशवी उचलून आपल्या गाडीत टाकली, दुसऱ्यानं पिशवीवालीला आपल्या गाडीत बसवलं, तिसऱ्यानं तिच्या सासूला. सासूबाईंना खिडकीची जागा मिळाली म्हणून त्या उतरायला तयार होईनात. तीन जीपा नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या, चौथी त्यांना वळसा घालायला गेली आणि चिंचेच्या खोडाला टेकली, नोटिशीसकट.

आबा बाकावर चढून तोंडपाठ नियम सांगू लागले. दहा जणांनी ते ऐकले आणि प्रत्येकाला आपलीच बारी ऐकू आली. मग आबांनी वयाचा मान म्हणून पहिली बारी आपली, असं सांगून टाकलं. कुणी ना म्हटलं नाही. फक्त आबांची गाडी सगळ्यांच्या मागं भिंतीला लागून होती आणि पुढं दहा गाड्यांचा गुंता. हवालदार आला, त्यानं शिट्टी वाजवली, सगळ्यांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. भिशीच्या बायका सासूबाईंना उतरवून समोरच्या चिक्कीच्या दुकानात गेल्या, आणि तिथून त्यांनी टायगर पॉइंटचा विचारच सोडला.

दुपारी बारापर्यंत एकही जीप हलली नव्हती. भिमाजी आबा टपरीवर आले, तेव्हा संदेश कॉम्प्युटरपुढं बसला होता. रडत होता. चार महिन्यांत इतक्या खिडक्यांपुढं उभा राहिला, पण लोकांसमोर रडला नव्हता.

"मी पुसलं, आबा. समद्यांनी तिचं बंद केलं, हे एक चालू व्हतं. ते मीच पुसलं."

आबांनी त्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्याच बोटानं प्रतीक्षाला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अरे बावळटा, तू फक्त टपरीतलं पुसलंस," ती म्हणाली. "तीच फाइल यशोधराच्या लॅपटॉपमध्ये आहे, माझ्याकडे आहे, तिकडच्या तपासणाऱ्याकडे आहे. तिचं काम पुसायला तू पुरा पडणार नाहीस. दहा मिनिटं थांब, इथून पुन्हा टाकते."

आबा बाकावर बसले. "तुझ्या ताईनं चार दिस चहा पाजला आन इचारलं," ते म्हणाले. "तू एक कप पाजला असतास तरी कोऱ्या कागदावर सही दिली असती रं मी."

संदेशनं डोळे पुसले आणि ओरडला, "दोन स्पेशल!"

चहा आला तशी आबांनी मांडी घातली. "हं, ल्ही आता. मी भिमाजी. माझे नियम मी पोरीला दिलते. दिले म्हंजी दिले. तिनं ते कुनालाबी द्यावं. पुन्यांदा इचारू नये."

"आन रविवारचा नियम?"

"ऱ्हाऊ दे. आज मिळाली की पहिली बारी. गाडी निघाली न्हाई ती गोष्ट येगळी."

प्रतीक्षानं दोन्ही ओळींचं इंग्रजी करून मेल पाठवला. (आईची ओळ होती: 'कुनीबी घ्यावं.') राजेंद्र काकांना वाईट वाटू नये म्हणून तेवीस पानंही जोडली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी अगदी पुरेशा आहेत, असं तपासणाऱ्यानं लिहिलं होतं. तेवीस पानं त्यांच्या कायदा बघणाऱ्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली. त्यांची एकच शंका होती, बिस्किटाची बरणी प्रोग्रामचा भाग आहे का. नसल्यास 'बारी' भांडारात घ्यायला हरकत नाही. फक्त शेवटचं एक. चारशेबाराव्या ओळीशेजारी तुमच्या भाषेत काही लिहिलं आहे, ते आमच्यापैकी कुणाला उलगडलं नाही. काय आहे ते?

प्रतीक्षानं टपरीवर लॅपटॉप उघडला. आजूबाजूला ड्रायव्हर जमले. ती ओळ तिनं वाचली, तोंडावर हात ठेवला आणि लॅपटॉप संदेशकडं फिरवला. "तूच वाच."

संदेशनं वाचलं. ताईनं मराठीत लिहिलं होतं: 'सकाळी सगळे एकदम आले तर क्रम चिठ्ठ्यांसारखा. संदेश असेल तर तो शेवटी. माझा भाऊ आहे, कोणी बोलायला नको.'

भिमाजी आबांना हसू आवरेना. "दोन वर्सं!" ते मांडीवर थाप मारत म्हणाले. "दोन वर्सं हा म्हनतोय, आबा, माझं नशीबच खोटं!"

"काढू का ओळ?" प्रतीक्षानं विचारलं. "आता प्रोग्राम सांभाळणारा म्हणून तुझंच नाव दिलंय मी. तुझ्या हातात आहे."

संदेशनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "नको," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. तिनं लिवलंय."

तिकडून कळवलं, की मुद्दाम ठेवलं असेल तर चालेल. पण मग ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहावं लागेल, म्हणजे लोक गोंधळणार नाहीत. संदेशनं सांगितलं, प्रतीक्षानं इंग्रजी केलं, आणि शुक्रवारी 'बारी' भांडारात दाखल झाली. आता जगात कुठंही, कुणीही ती मागवली की माहितीपत्रकाच्या माथ्यावर नाव येतं, यशोधरा ओव्हाळ. खाली नियमांसाठी भिमाजी सीताराम यांचे आभार. आणि अगदी तळाशी हे:

'यादीत संदेश नावाचे कोणी असल्यास त्यांचा नंबर शेवटी लागेल. हा बिघाड नाही. तक्रार असल्यास संपर्क: संदेश.'